उणे पंधरात गाडीचं कुलूप

आमच्या आप्पांची सगळी नोकरी कुलपांच्या सोबतीत गेली. खांडवा–अकोला छोट्या लाईनवर ते फाटकावर होते. २०१७ च्या जानेवारीत ती लाईन रुंद करायला बंद झाली, तोवर आमच्या तुकईथडच्या आसपासच्या फाटकांवरच त्यांची ड्युटी असायची. पावसाळ्यात कुलूप गंजून अडलं की आप्पा आधी घासलेट सोडायचे, किल्ली आतबाहेर करायचे, चिंधीनं पुसायचे आणि मग तेलाचा एक थेंब. हे मी इतक्या वेळा पाहिलं होतं की अडलेल्या कुलपाबद्दल आपल्याला नवं काही शिकायचं आहे असं कधी मनातही आलं नाही. थंडीही मला ठाऊक होती, निदान मला तसं वाटायचं. डिसेंबरात पारा आठ-दहावर उतरला की आमच्याकडे केळीला चरका बसतो. मग शेतकरी रात्री बागेला पाणी देतात, बांधावर काडीकचरा पेटवून धूर करतात. ही माझी थंडीची इयत्ता.

बँकेनं लेहला बदली केली तेव्हा मी श्वासाची काळजी केली, गरम कपड्यांची केली, पिण्याच्या पाण्याची केली. तिथल्या स्कारा भागात एका आजींच्या घरी वरच्या मजल्यावर खोली मिळाली. सगळे त्यांना आमा-ले म्हणतात, मीही म्हणू लागलो. माझ्या आधीचे अधिकारी परत जाताना त्यांची जुनी पेट्रोल गाडी मला विकून गेले. रिमोट वगैरे काही नाही, किल्ली घालायची, फिरवायची, दार उघडायचं. ऑक्टोबरभर तिनं मला कुठंही अडवलं नाही. मला वाटलं, गाडीचा विषय संपला.

लेह ३,५०० मीटर उंचीवर आहे आणि तिथं वर्षभरात पाऊस-बर्फ मिळून जेमतेम १०० मिलिमीटर पाणी पडतं. हवा इतकी कोरडी की धुतलेला रुमाल दोरीवर टांगून वळेपर्यंत वाळतो. अशा कोरड्या गावात कुलपात पाणी शिरेलच कसं? डिसेंबरच्या शेवटी थोडा बर्फ पडला. पुढचे दोन दिवस लख्ख ऊन होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला निघालो, किल्ली दारात घातली, तर ती अर्धी आत गेली आणि थांबली.

आधी मी किल्ली बदलून पाहिली. खोलीची किल्ली चुकून हातात आली असेल असं वाटलं. मग मोबाईलचा टॉर्च लावून भोकात डोकावलो. आत काहीतरी चकाकत होतं. ते पितळ असेल असं समजून मी पुन्हा जोर लावला. किल्लीच्या पात्याला किंचित बाक आल्यासारखा वाटला, तेव्हा हात थांबवला. पुन्हा टॉर्च लावला, या वेळी नीट पाहिलं, आणि कळलं की आत बर्फ आहे. डोळ्यासमोर होता तरी दिसला नव्हता. कुलपात बर्फ असू शकतो ही कल्पनाच माझ्या डोक्यात नव्हती.

त्या बर्फानं नेमकं काय अडवलं होतं ते मला पुढं एका मेकॅनिकनं मोडकं कुलूप उघडून दाखवलं. गाडीच्या दाराच्या कुलपात एक दंडगोल असतो. त्यात पातळ पितळी पट्ट्या ओळीनं बसवलेल्या असतात, त्यांना वेफर म्हणतात. प्रत्येक पट्टीला केसाइतक्या तारेची स्प्रिंग. योग्य किल्ली आत गेली की तिच्या दात्यांनी सगळ्या पट्ट्या एका पातळीत येतात आणि दंडगोल फिरतो. स्प्रिंग दबायला आत रिकामी जागा हवी. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं आणि नेमकी तीच जागा भरून टाकतं. म्हणजे ज्या पट्ट्या हलायला हव्यात त्या सिमेंटात बसवल्यासारख्या होतात. अशा वेळी किल्ली पिळली तर पट्ट्या हलत नाहीत, किल्लीच तुटते, आणि तुटलेला तुकडा आत राहतो. माझी किल्ली तुटली नाही ती निव्वळ नशिबानं.

त्या सकाळी मला यातलं काही माहीत नव्हतं. मी फुंकर मारायला लागलो. तोंड कुलपाजवळ नेऊन, हातांची ओंजळ करून, दम लागेपर्यंत. त्या उंचीवर दम लवकर लागतो. पण श्वास नुसता गरम नसतो, ओलाही असतो. उणे पंधरात तो ओलावा जिथं लागला तिथंच गोठला. माझ्या फुंकरींनी भोकाच्या कडेवर बर्फाचा एक नवा पांढरा पापुद्रा चढवला. बरं झालं, ओठ धातूला टेकवले नाहीत. ओली कातडी अशा थंड धातूला चिकटते आणि ओढताना सोलवटते, हे आमा-लेंनी नंतर सांगितलं.

मग मी वर जाऊन किटली ठेवली. गरम पाणी ओतलं की बर्फ वितळणार, यात शंका घेण्यासारखं काय आहे? लेहच्या उंचीवर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, पण तेवढं गरम मला पुष्कळ वाटलं. थर्मास भरून आणला आणि कुलपावर धार धरली. वाफ उठली, किल्ली थेट शेवटपर्यंत आत गेली आणि थोडी फिरलीसुद्धा. मी आनंदानं थर्मास खाली ठेवला, हातमोजे काढले, दोन्ही हातांनी किल्ली धरली. तेवढ्या वेळात ती जागच्या जागी रुतून बसली होती. आता फिरेना आणि निघेना. दाराच्या खालच्या कडेला, पायाखालच्या जमिनीवर, सगळीकडे ओतलेल्या पाण्याची काच झाली होती.

खिडकीतून आमा-लेंचा आवाज आला, “बेटा, पाणी नको! काच तडकेल!” मी थर्मास लपवल्यासारखा मागं धरला. त्यांचं खरं होतं. थंड काचेवर एकदम कढत पाणी पडलं की काचेचा एक भाग फुगतो, शेजारचा फुगत नाही, आणि काच तडकते. माझी धार काचेच्या चार बोटं खाली होती.

पाण्यानं माझा असा घात का केला, हे रात्री अंथरुणात बसून मी कागदावर मांडून पाहिलं. शाळेत गुप्त उष्णता शिकवली होती, ती परीक्षेनंतर सोडून दिली होती. शून्य अंशाच्या एक ग्रॅम बर्फाचं शून्य अंशाचंच पाणी करायला ८० कॅलरी लागतात. तेवढ्याच उष्णतेत एक ग्रॅम पाणी शून्यावरून ८० अंशांपर्यंत तापतं. म्हणजे माझ्या कढत पाण्याची जवळजवळ सगळी शक्ती थोडासा बर्फ वितळवण्यातच खर्च झाली. भोवती उणे पंधरावरचा दाराचा पत्रा होता, तो उरलेली उष्णता शोषायला बसलेलाच. आणि ओतलेलं सगळं पाणी मागं राहिलं, गोठायला मोकळं. बर्फ काढायला गेलो आणि कुलपाला आणखी पाणी पाजून आलो.

पण हा हिशेब रात्रीचा. सकाळी त्या अंगणात उभं राहून मी आप्पांना फोन लावला. तुकईथडला तेव्हा ते ओसरीवर उन्हात बसले होते.

“घासलेट सोड,” आप्पा म्हणाले. “नाही तर खोबरेल.”

खोबरेलाची बाटली माझ्याकडे होती. खिडकीत ठेवलेली, पांढरी घट्ट, दगडासारखी. खोबरेल २४ अंशांच्या खाली थिजायला लागतं. ते कुलपात गेलं असतं तर बर्फाच्या जोडीला मेणही बसलं असतं. घासलेट एवढ्या थंडीत गोठत नाही, आमा-लेंच्या खोली तापवायच्या बुखारीसाठी त्याचा कॅनही होता. पण घासलेट पाण्यात मिसळत नाही. ते बर्फाच्या कडेनं वाहून जातं, बर्फ तिथंच राहतो. आप्पांचं कुलूप गंजानं अडायचं, माझं पाण्यानं अडलं होतं. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “मग आधी पाणी बाहेर काढ. तेलाचं नंतर बघ.” आयुष्यात गोठलेलं कुलूप न पाहिलेल्या माणसानं फोनवरून मुद्द्यावर बोट ठेवलं. मी मात्र ते वाक्य ऐकलं आणि त्यातून काही घेतलं नाही. पाणी बाहेर काढायचं म्हणजे काय करायचं, तेच मला कळत नव्हतं.

आमा-लेंचा मुलगा टॅक्सी चालवतो. तो खाली आला, त्यानं गाडीकडे पाहिलं, जमिनीवरच्या काचेकडे पाहिलं, आणि काही न विचारता खिशातून लायटर काढला. आधी त्यानं अडकलेल्या किल्लीचा बाहेरचा धातू हलक्या आचेवर गरम केला, ती थोडी सैल झाली तशी सरळ बाहेर ओढली. मग ती पक्कडीत धरून पातं ज्योतीवर धरलं, लाल होईपर्यंत नव्हे, हाताला चटका बसेल इतपतच. हळूच आत सरकवली, जिथं अडली तिथं सोडून दिली, क्षणभर थांबला, बाहेर काढली आणि लगेच पँटला पुसली. पुन्हा गरम, पुन्हा आत, पुन्हा बाहेर, पुन्हा पुसणं.

ते पुसणं पाहताना आप्पांचं बोलणं मला उमगलं. प्रत्येक वेळी किल्ली थोडं पाणी सोबत घेऊन बाहेर येत होती. उष्णता थोडीच, पण नेमक्या जागी, आणि नवं पाणी एक थेंबही नाही. नंतर त्यानं किल्ली माझ्या हातात दिली. मी गरम केली, सरकवली, पण पुसायचं विसरलो, त्यानं हात धरून थांबवलं. माझी किल्ली साधी, नुसती धातूची होती म्हणून हे चाललं, असंही तो म्हणाला. नव्या गाड्यांच्या किल्लीच्या प्लॅस्टिकच्या मुठीत चिप असते. ती तापून गेली तर दार उघडेल पण इंजिन सुरू होणार नाही. तसल्या किल्लीचं फक्त पातं गरम करायचं, तेही बेतानं.

किल्ली आता पूर्ण आत जात होती, पण फिरत नव्हती. त्यानं विचारलं, “सर, सॅनिटायझर आहे का? पातळवालं?” माझ्या ऑफिसच्या बॅगेत होतं. हे माझ्या डोक्यात आलं असतं तर किटली ठेवायची वेळच आली नसती. त्यात ७० टक्के अल्कोहोल असतं. शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल उणे ८९ अंशांना गोठतं, आणि महत्त्वाचं म्हणजे ते पाण्यात मिसळतं. बर्फाला लागलं की त्याचं पाणी करून आपल्यात ओढून घेतं, आणि ते मिश्रण त्या थंडीत परत गोठत नाही. दुकानात कुलपासाठी मिळणाऱ्या फवाऱ्यांतही मुख्यतः हेच असतं. त्यानं लायटर आधी लांब ठेवला, कारण अल्कोहोल भडकतं. ज्योत आणि सॅनिटायझर एका वेळी कधीच वापरायचं नाही, हे त्यानं मला दोनदा बजावलं. औषधाच्या रिकाम्या सिरिंजनं काही थेंब भोकात सोडले. आम्ही थांबलो. मला थांबवत नव्हतं, मी किल्लीला हात घातला की तो मान हलवायचा. थोड्या वेळानं त्यानं स्वतःच खूण केली, मी किल्ली फिरवली आणि ती फिरली.

दार मात्र उघडलं नाही.

कुलूप उघडलं होतं, खटका वर आला होता, पण दाराची रबरी पट्टी चौकटीला गोठून चिकटली होती. माझ्याच धारेचं पाणी तिथवर ओघळलं होतं. मी हँडल ओढायला लागलो. त्यानं मला बाजूला केलं आणि खांद्यानं दार उलट आत दाबलं, वर, मध्ये, खाली. प्रत्येक दाबाला बर्फ चुरचुरत तुटल्याचा आवाज येत होता. ओढलं तर रबर फाटतं किंवा हँडल हातात येतं, दाबलं तर फक्त बर्फ तुटतो. इतकी साधी गोष्ट, आणि माझ्या शरीराला ती उलटी वाटत होती. बंद दारापुढं उभं राहिलं की हात आपोआप ओढतोच.

दार उघडल्यावर तो गाडीला वळसा घालून पलीकडे गेला, डाव्या दाराला किल्ली लावली आणि सहज फिरवली. तिकडचं कुलूप कोरडं होतं. “इकडून बघितलं नव्हतं का?” त्यानं विचारलं, अगदी साधेपणानं. नव्हतं बघितलं. सगळ्या गाड्यांना डावीकडे भोक नसतं, माझ्या गाडीला आहे. इतके दिवस मी फक्त माझ्या बसायच्या बाजूनंच गाडी पाहत होतो.

एकच दार का गोठलं, याचं उत्तर मला त्या दिवशी दुपारी मिळालं. जेवायला घरी आलो तर गच्चीच्या दक्षिणेकडच्या कडेवरून ठिबक लागली होती. हवा शून्याच्या खाली होती, तरी लेहच्या विरळ हवेतलं ऊन इतकं कडक असतं की छपरावरचा बर्फ त्यानं पाझरतो. ठिबक गाडीच्या टपावर पडत होती, तिथून काचेवरून ओघळत उजव्या दाराच्या हँडलपाशी येत होती. सूर्य डोंगराआड गेला की तेच पाणी कुलपात गोठणार. मी रात्रीच्या थंडीला दोष देत होतो, आणि पाणी कुलपात घालत होतं दुपारचं ऊन. गाडी कडेपासून दोन हात पुढं घेतली. एवढ्यानंच निम्मं काम झालं.

उरलेलं निम्मं म्हणजे कुलूप सुकवणं. अल्कोहोलनं बर्फ जातो, पण सॅनिटायझरमध्येही थोडं पाणी असतंच, ते आतच राहतं. चोगलमसरच्या रस्त्यावरच्या मेकॅनिककडे गेलो. त्यानं कॉम्प्रेसरच्या हवेनं कुलूप फुंकून काढलं, मग डब्ल्यूडी-४० मारलं. या फवाऱ्याच्या नावातले डब्ल्यू आणि डी पाणी हटवण्यासाठीचेच आहेत, १९५३ साली अमेरिकेत तो त्याच कामासाठी तयार झाला. पण वंगण म्हणून तो फार दिवस टिकत नाही. म्हणून कुलूप पुन्हा कोरडं करून मेकॅनिकनं काळी भुकटी आत सोडली. ग्रॅफाइट, म्हणजे पेन्सिलीच्या शिशात असतं तेच. ते थिजत नाही, धूळ धरत नाही, आणि पट्ट्या त्यावरून घसरतात. इथल्या धुळीत तेल घातलं तर महिन्याभरात आत चिखल होतो, असं तो म्हणाला. दाराच्या रबराला लावायला त्यानं औषधाच्या दुकानातलं ग्लिसरीन सांगितलं. फाटलेल्या ओठांसाठी माझ्याकडे बाटली होतीच. रबर आधी कोरडं पुसायचं आणि मग बोटानं पातळ थर द्यायचा. तेव्हापासून ते चौकटीला चिकटलेलं नाही.

त्या मेकॅनिकजवळ मी बराच वेळ बसलो. लडाखच्या हिवाळ्यात गाड्यांचं खरं दुखणं डिझेलचं, तो सांगत होता. थंडीत डिझेलमधलं मेण सुटतं आणि ते गोळा होतं. पूर्वी ड्रायव्हर सकाळी टाकीखाली जाळ करायचे, जिवावर उदार होऊन. मग २०१९ च्या नोव्हेंबरात इंडियन ऑइलनं लडाखसाठी खास हिवाळी डिझेल आणलं, ते उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहतं. इंजिनातल्या कूलंटचंही तसंच. पाण्यात निम्मं ग्लायकॉल घातलं की ते उणे ३७ पर्यंत गोठत नाही. ऐकताना माझ्या लक्षात आलं की इथल्या माणसांनी थंडीशी उष्णतेनं झुंजणं कधीच सोडून दिलंय. ते गोठणारी वस्तूच बदलतात, किंवा तिला तिथं येऊच देत नाहीत. मला हे फार आवडलं. आमच्याकडे उन्हाळ्यासाठी घराच्या भिंती जाड ठेवतात, त्यामागंही हेच शहाणपण असणार. पण तिथं ते वापरात होतं म्हणून मला कधी दिसलं नाही.

आता संध्याकाळी गाडी लावली की मी कुलपाच्या भोकावर चिकटपट्टीचा तुकडा लावतो. बर्फ पडलेल्या दिवशी दाराच्या कडा कोरड्या फडक्यानं पुसतो. सॅनिटायझर आणि सिरिंज वरच्या खोलीत असतात. गाडीतच ठेवली तर बंद दारामागं त्यांचा उपयोग काय? यंदा आमच्या शाखेत नांदेडकडचा एक मुलगा आला, रिमोटवाली नवी गाडी घेऊन. त्याला म्हटलं, थंडीत रिमोटचा सेल मान टाकतो. मग मुठीत लपलेली किल्ली काढावी लागते, आणि ती ज्या कुलपात घालायची ते कुलूप गाडी घेतल्यापासून कुणी उघडलेलंच नसतं. आम्ही दोघांनी पार्किंगमध्ये उभं राहून ते फिरवून पाहिलं. अडत होतं. त्याच दिवशी त्याला मेकॅनिककडे पाठवलं.

माझ्या डिकीचं कुलूप मात्र अजून त्रास देतं. ते मागं आडवं आहे, भोक वरच्या बाजूला कललेलं, त्यामुळे चिकटपट्टीच्या कडेनंही पाणी शिरतं. मेकॅनिक म्हणतो दंडगोल काढून त्यामागची वाट तपासायला हवी, पाणी निचरायचं छिद्र मातीनं बुजलं असेल. आप्पांना फोनवर हे सांगितलं तर त्यांनी लगेच विचारलं की छिद्र खालच्या अंगाला आहे की बाजूला, आणि तिथं सायकलच्या स्पोकचा तुकडा जाईल का. या रविवारी ऊन चढलं की स्पोक घेऊन बसणार आहे.